पंचगंगेकाठून मेकाँगच्या मुखाशी

जहाजाच्या वेळापत्रकात व्हिएतनाममधल्या बंदराचं नाव ‘हो ची मिन्ह सिटी’, म्हणजे जुनं सायगॉन, असं छापलेलं असतं, पण जहाज त्या शहराला लागत नाही. मोठी प्रवासी जहाजं थी वाय नदीवरच्या फू मी बंदरात थांबतात आणि तिथून शहर बसने जवळजवळ दोन तासांवर आहे. कोल्हापूरचं तिकीट काढावं आणि गाडीनं कराडला उतरवावं, तसं. आपल्याकडून जाणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं, म्हणजे पुढचा हिशेब चुकत नाही. नऊ तासांच्या सहलीतले चार तास बसमध्येच जातात.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, हे, माझे धाकटे दीर आणि जाऊबाई. आमचं घर शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटापासून चालत दहा मिनिटांवर. माझं माहेर प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची जिथे पंचगंगा होते, ते गाव. जाऊबाईंचं माहेर त्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला, शिरोळ तालुक्यात, नरसोबाच्या वाडीजवळ. तिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. म्हणजे एका नदीची सुरुवात माझ्या माहेरची आणि शेवट तिच्या माहेरचा. हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल.

सोमवार, मंगळवार

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, मुंबईहून विमानाने सिंगापूर आणि सोमवारी संध्याकाळी जहाजात. मंगळवार पूर्ण समुद्रावर गेला. जहाजावरच्या खाण्यापिण्याचं आणि करमणुकीचं वर्णन पुष्कळांनी केलेलं आहे, त्यात मी भर घालत नाही. कांदा-लसूण चटणीची बरणी जाऊबाईंनी बरोबर आणली होती, ती मंगळवारी दुपारीच उघडली. शेजारच्या टेबलावर नागपूरचं एक जोडपं होतं, त्यांनाही दिली.

बुधवार : सायगॉन

पहाटे पाचला जाग आली ती इंजिनाचा आवाज बदलल्यामुळे. समुद्रातली घरघर थांबून जहाज अगदी सावकाश चाललं होतं. ह्यांना उठवलं आणि आम्ही दोघं वर डेकवर गेलो. अजून उजाडलं नव्हतं. आधी आला तो वास. पूर ओसरल्यावर घरात जो वास राहतो, त्यातला कुजका भाग काढून टाकला तर मागे उरतो तो ओल्या गाळाचा वास. हे म्हणाले, “नदीत शिरलो बघ.”

उजाडलं तशी पश्चिमेला हिरवी भिंत दिसायला लागली. खारफुटीचं जंगल, कान जो नावाचं. मैलोन् मैल एकाच उंचीची झाडं आणि मधून मधून खाडीची तोंडं. युद्धाच्या काळात अमेरिकेच्या विमानांनी झाडांची पानं झडवणारी विषारी रसायनं इथे फवारली आणि हे जंगल जवळपास संपवलं. १९७८ पासून लोकांनी हातानं रोपं लावून ते परत उभं केलं आणि २००० साली युनेस्कोने त्याला जैवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. जहाजाच्या माहितीपत्रकात यातली एक ओळही नव्हती. डेकवर पंधरा-वीस माणसं होती, ती उगवत्या सूर्याचे फोटो काढत होती आणि सगळ्यांची पाठ जंगलाकडे होती. चिखलात वाकून एकेक रोप खोचणाऱ्या बायका माझ्या डोळ्यांसमोर आल्या, कारण भाताची लावण मी पाहिली आहे, केली आहे. हजारो एकर लावण, आणि पीक कापायचं नाही, नुसतं उभं राहू द्यायचं.

बसमध्ये गाईड म्हणून एक पंचविशीतली मुलगी होती. बेन त्रेची, म्हणजे मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातलीच. तिनं पहिल्यांदा सगळ्यांची वयं विचारली. काही युरोपियन बायका जरा गोंधळल्या. तिनं समजावून सांगितलं की त्यांच्या भाषेत ‘तुम्ही’ असा नुसता शब्द वापरून भागत नाही. समोरचा आईपेक्षा मोठा की लहान, हे कळल्याशिवाय हाक कशी मारायची हेच ठरत नाही. मावशी, काकू, आजी, थोरला भाऊ, धाकटी बहीण, अशी नाती लावूनच बोलायचं. आम्हा चौघांना यात समजावून घेण्यासारखं काहीच नव्हतं. आईला त्यांच्या दक्षिणेकडे ‘मा’ म्हणतात.

शहरात शिरताना पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या दुचाक्या. कोल्हापूरचा माणूस दुचाकीला घाबरत नाही, पण इथे सिग्नल सुटला की रस्ता दिसेनासा होतो. रस्ता ओलांडायची गाईडने सांगितलेली रीत अशी : एकदा पाऊल टाकलं की थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे फिरायचं नाही, सारख्या गतीनं चालत राहायचं. गाड्या आपल्याला वळसा घालून जातात. जाऊबाईंनी माझा दंड धरला आणि “अक्का, पुढं बघा, बाजूला बघू नका” म्हणत मलाच पार नेलं.

आधी स्वातंत्र्य प्रासाद पाहिला, दक्षिण व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांचा. ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तर व्हिएतनामचे रणगाडे याच प्रासादाचं फाटक तोडून आत शिरले आणि युद्ध संपलं. हिरवळीवर तसे रणगाडे ठेवले आहेत, गच्चीवर हेलिकॉप्टर आहे, आणि तळघरात भिंतींवरचे नकाशे, फोन, संदेशयंत्रं जशीच्या तशी आहेत. इमारत १९६६ साली पुरी झाली. वरच्या दालनांतलं फर्निचर बघत लोक रेंगाळतात, पण वेळ द्यायचा तो तळघराला द्यावा. त्या अरुंद खोल्यांत उभं राहिलं की वरच्या सगळ्या थाटाचा आधार किती भीतीवर होता ते कळतं.

तिथून युद्धस्मृती संग्रहालय. इथे आम्हाला चाळीस मिनिटं दिली होती. ज्या कुणी ही सहल आखली त्यांच्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी तिथल्या तिथे लेखी दिली. बाजारात खरेदीला सव्वा तास आणि या संग्रहालयाला चाळीस मिनिटं, हे मला पटलं नाही. नापाम बाँबच्या आगीत भाजलेली, रस्त्यावरून रडत पळणारी ती मुलगी आपण पुस्तकांत पाहिलेली असते. एजंट ऑरेंजचं, म्हणजे त्या पानं झडवणाऱ्या रसायनाचं दालन मात्र पाहिलेलं नसतं. १९६१ ते १९७१ अशी दहा वर्षं फवारणी झाली. त्यातलं डायऑक्सिन नावाचं विष जमिनीत, पाण्यात, माशांत आणि मग पोटात उतरलं. ज्यांच्या जन्माआधीच युद्ध संपलं होतं, अशा मुलांचे फोटो त्या भिंतींवर आहेत. चौतीस वर्षं मी चौथीच्या वर्गाला शिकवलं. त्या फोटोंतल्या मुलांची वयं मला नेमकी ओळखता येत होती आणि तेच जड जात होतं. एका मुलाने पायाच्या बोटांत पेन्सिल धरून वहीत ओळी काढल्या होत्या. अक्षर सुरेख होतं. मी तिथेच उभी राहिले, वरचा मजला बघायचा राहून गेला.

पुढचं शहर भराभर झालं. मोठं टपाल कार्यालय १८८६ ते १८९१ या काळात फ्रेंचांनी बांधलेलं. कमानदार छत, लाकडी फोनखोल्या, समोर हो ची मिन्ह यांचं मोठं चित्र. आयफेल टॉवरवाल्या आयफेलनं ते बांधलं असं पुष्कळ ठिकाणी सांगतात, ते खरं नाही. आराखडा फुलू नावाच्या वास्तुरचनाकाराचा. तिथून आम्ही घरच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं. समोरचं नोत्र दाम चर्च दुरुस्तीसाठी परांची बांधून झाकलेलं. बेन थान बाजारात कॉफीचे वास, सुकी मासळी, रेशीम. बाजारापासून जवळच मरिअम्मनचं देऊळ आहे, तमिळ लोकांनी बांधलेलं. आत गेलो तर आमच्याव्यतिरिक्त भारतीय कुणी नव्हतं. व्हिएतनामी बायका हातात उदबत्त्यांचा जुडगा धरून, डोळे मिटून उभ्या होत्या. जाऊबाईंनी पिशवीतून हळदीकुंकवाची डबी काढली आणि पुजाऱ्याकडे दिली. भाषेची अडचण पडली नाही.

परतताना नदीवरून बस गेली तसे आमच्यातले एक-दोघं “हीच का मेकाँग?” म्हणून उठून उभे राहिले. गाईडने सांगितलं की ही सायगॉन नदी, पुढे दोंग नाय नदीला मिळते. मेकाँगचा आणि हिचा संबंध नाही, मेकाँग उद्या.

गुरुवार : मी थो, बेन त्रे आणि नदी

फू मीपासून मी थो हे गाव तीन तासांच्या आसपास. रस्ता सरळ, सपाट. सपाट म्हणजे किती, हे आमच्या डोंगराळ जिल्ह्यातल्या माणसाला बघूनच कळेल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर. इथे चाळीस हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश आणि त्यातला बहुतेक भाग समुद्राच्या पाण्यापेक्षा मीटर-दोन मीटरच वर. आमच्या वाटेवर एक टेकडी नाही, एक दगड नाही. जे काही पायाखाली आहे ते सगळं नदीने आणून टाकलेलं. भातखाचरांच्या मधोमध सिमेंटच्या रंगीत समाध्या दिसतात. वाडवडील आपल्याच रानात. रस्त्याकडेच्या चहाकॉफीच्या टपऱ्यांत खुर्च्यांऐवजी झोळ्या बांधलेल्या, वाटसरूनं कॉफी घ्यायची आणि तासभर पडायचं. दिरांनी ही कल्पना शिरोली नाक्यावर चालेल का याचा हिशेब मांडायला घेतला.

मी थोला बोटीत बसलो आणि नदी समोर आली. तिबेटच्या पठारावरून निघून चीन, म्यानमार, लाओस, थायलंड, कंबोडिया असे देश ओलांडत सुमारे ४,३५० किलोमीटर आलेलं पाणी. आपली कृष्णा १,४०० किलोमीटरची. इथे आल्यावर मेकाँगला फाटे फुटतात आणि त्यांना ‘कू लाँग’ म्हणजे नऊ ड्रॅगन म्हणतात. आम्ही होतो तो फाटा तियेन. समोर पलीकडचा काठ म्हणून जो दिसतो तो काठ नव्हेच, बेट आहे. अशी चार बेटं : ड्रॅगन, युनिकॉर्न, कासव आणि फिनिक्स. त्यांतल्या एकावरून जाणारा तारांचा उंच पूल २००९ साली खुला झाला, त्याआधी बेन त्रेला जायचं तर फेरीबोटच. गाईड म्हणाली, तिच्या लहानपणी आजारी माणसाला रात्री शहरात न्यायचं म्हणजे आधी काठावर बोटीची वाट बघायची. आमच्या चिखलीचा रस्ता पाण्याखाली गेला की बाळंतिणीला होडीतून आणतात, ते मी तिला सांगितलं.

पाण्याचा रंग आपल्या नदीचा ऑगस्टमध्ये असतो तसा, चहासारखा. पण आम्ही गेलो तो फेब्रुवारीचा शेवट, म्हणजे तिथला कोरडा हंगाम. लाकडी बोटींच्या नाळेवर दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले. पांढरं बुबुळ, काळी बाहुली, भोवती लाल रंग. बोटीला वाट दिसावी आणि पाण्यातल्या वाईट गोष्टी दूर राहाव्यात म्हणून. आणि बोटींच्या मधून वाहत येत होती जलपर्णी.

ती बघून माझ्या पोटात कालवलं. शिरोळपासून इचलकरंजीपर्यंत पंचगंगा या हिरव्या चादरीखाली कशी गुदमरते ते आमच्याकडे दरवर्षी बघतो. यंत्रं लावून काढतात, काठावर ढीग टाकतात, ते ढीग तिथेच कुजतात. मी गाईडला म्हटलं, “तुमच्याकडेही ही आहे तर.” ती म्हणाली, “आहे. आम्ही ‘लुक बिन’ म्हणतो.” आणि तिनं बोट थोई सोन, म्हणजे त्या युनिकॉर्न बेटाच्या एका धक्क्याला लावायला सांगितली, जिथे थांबायचं वेळापत्रकात नव्हतं.

अंगणात एक आजी आणि दोन बायका बसल्या होत्या. बांबूच्या काठ्यांवर जलपर्णीचे देठ वाळत घातलेले, हातभर लांबीचे, उन्हात वाळून कुसुंबी-तपकिरी झालेले. पानं आणि मुळं आधीच छाटून टाकलेली. आजी तीन देठ घ्यायची, त्यांची वेणी घालायची आणि लोखंडी सांगाड्याभोवती ती वेणी गुंडाळत गुंडाळत टोपली चढवायची. हाताला तेल लागल्यासारखी गती. मी देठ हातात घेतला. आतून स्पंजासारखा पोकळ, पण पिळला तर तुटत नाही, दोरीसारखा वळतो. टोपल्या, चटया, खुर्च्यांच्या बैठका असं सगळं यातून होतं आणि बाहेरदेशी जातं. जाऊबाई आजीच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि वेणीचा एक पदर त्यांनी स्वतः चढवला. आजीनं तो उकलला नाही, पुढे विणला. ती टोपली आम्ही विकत घेतली. जलपर्णी नदीला आपल्याइतकीच तिथेही त्रासाची आहे, सगळी काही टोपल्यांत जात नाही, हे गाईडने स्पष्ट सांगितलं. तरीही शिरोळच्या काठावर कुजणारा ढीग आणि हे अंगण यांच्यात फक्त काही बांबू, ऊन आणि शिकवणारं कुणीतरी एवढंच अंतर आहे, हे मला त्या दिवसापासून डाचतं आहे. महिला बचत गटांनी हे मनावर घ्यावं. मी माझ्या परीनं बोलायला सुरुवात केली आहे.

बेटावर फळं मांडली होती : रामबुतान, लाँगन, ड्रॅगन फ्रूट, फणस, पपनस. गुरुवार असल्यामुळे जाऊबाईंचा दत्ताचा उपवास. त्यांनी विचारलं, “अक्का, हे केसाळ फळ उपवासाला चालंल का?” मी म्हटलं, “फळच आहे की, खा.” गाईडनं उपवासाचं विचारल्यावर समजलं की तिची आईही चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला शाकाहार पाळते. त्याला ‘चाय’ म्हणतात. व्हिएतनाममध्ये शाकाहारी जेवण हवं असेल तर हा एक शब्द लक्षात ठेवा, अडचण येणार नाही. आम्हा बाकी तिघांसाठी हत्तीच्या कानासारखा चपटा मासा अख्खा तळून, लाकडी घोडीवर उभा करून आणला. त्याचा तुकडा पालेभाजीबरोबर तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळून खायचा. चव सौम्य होती. ह्यांनी चटणीची बरणी काढली.

जेवणानंतर तिथल्या लोकांची मैफल होती, ‘दोन का ताय तू’ नावाच्या गाण्याची. २०१३ साली युनेस्कोने मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून त्याची नोंद केली आहे. सोळा तारांचं एक लांबट वाद्य जमिनीवर ठेवून वाजवत होते आणि गाणारी बाई शब्द असे ओढायची की भाषा न कळताही गळा दाटावा.

मग लहान होड्या. डोक्यावर ताडपत्राच्या निमुळत्या टोप्या देऊन चार-चार माणसं एका होडीत. कालवा जेमतेम दोन होड्या जातील एवढा, दोन्ही बाजूंना पाण्यातून थेट उगवलेल्या पाणनारळाच्या झावळ्या, वरती एकमेकींना टेकलेल्या. त्यांनी घरं शाकारतात. वल्हवणारी बाई माझ्याच वयाची. वल्ह्याचा चुबूक असा आवाज सोडला तर शांतता. या शांततेत जाऊबाई एकदम बोलायला लागल्या, वाडीबद्दल. मी गाईडला इंग्रजीत सांगत गेले.

पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगा चढल्या की नरसोबाच्या वाडीत पाणी देवळात शिरतं. पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या दाराशी स्नान करायला लोक धावतात. आम्ही त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतो. पाणी आलं की उत्सवमूर्ती वर हलवायची, पाणी गेलं की परत आणायची. “घाबरत नव्हतो आम्ही,” जाऊबाई म्हणाल्या, “लहानपणी वाट बघायचो, यंदा सोहळा कधी होतोय म्हणून.”

गाईड गप्प झाली, मग म्हणाली, तिचं आजोळ वरच्या अंगाला, कंबोडियाच्या सीमेकडे आन जियांग भागात. तिथे सप्टेंबर ते नोव्हेंबर रानात पाणी चढतं, त्याला पूर म्हणत नाहीत. ‘मुआ नुऑक नोई’ म्हणतात, पाणी तरंगण्याचा हंगाम. पाण्याबरोबर ‘का लिन’ नावाची बोटभर मासळी येते, पिवळी फुलं येतात, त्यांची भाजी होते. तिनं फोनवर फुलांचा फोटो दाखवला. जाऊबाई ओरडल्याच, “अगं, शेवरी!” आपल्या हादग्याच्या कुळातलीच ती. आणि पाणी उतरलं की रानात गाळ, खत घालायला नको. आजोबा पाण्याची वाट बघायचे. आता वरच्या देशांत एकामागून एक धरणं झाली, पाणी उशिरा येतं, कमी येतं आणि गाळ धरणांमागेच राहतो. खालून वाळू उपसली जाते, जमीन खचते. कोरड्या दिवसांत समुद्राचं खारं पाणी नदीतून वर चढतं. २०१६ आणि २०२० साली इतकं चढलं की तिच्या आईच्या घरी प्यायला पाणी विकत आणलं. घराघरांपुढे पावसाचं पाणी साठवायचे माणसाएवढे रांजण असतात, ते आम्ही पाहिलेच होते.

आमच्याकडे गाऱ्हाणं उलटं. आम्ही वरच्या अंगाचे, धरण खाली कर्नाटकात अलमट्टीला, आणि पुराचं पाणी का उतरत नाही यावर दर पावसाळ्यात दोन राज्यांचा वाद. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या शुक्रवार पेठेच्या घरात माळ्याखाली हातभर उरलं होतं. चिखली तर आख्खी पाण्यात. दादा म्हशी घेऊन सोनतळीच्या माळावर, आई टेम्पोत. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये परत तेच. तेव्हापासून पाऊस लागला की मी रात्री उठून नदीची पातळी बघते. मी हे सगळं तिला सांगितलं. होडी चालवणाऱ्या बाईंनी गाईडला काहीतरी विचारलं, गाईडनं त्यांना भाषांतर करून सांगितलं. त्या बाईंनी वल्हं आडवं धरून माझा हात धरला आणि “नुऑक” एवढंच म्हणाल्या.

नुऑक म्हणजे पाणी. गाईडने सांगितलं, त्यांच्या भाषेत देशालाही हाच शब्द.

शेवटचा थांबा बेन त्रेच्या काठावरचा नारळाच्या गोळ्यांचा कारखाना. कारखाना कसला, पत्र्याची मोठी शेड. आत पाय ठेवला आणि मला माहेरी आल्यासारखं झालं. चिखलीत आमचं गुऱ्हाळ आहे. तीच धग, तोच गोड धूर. आमच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारतात, इथे नारळाची सोडणं आणि करवंट्या. खोबरं किसून, दाबून त्याचं दूध काढतात. त्यात साखर आणि मोड आणलेल्या धान्याचा चिकट पाक घालून काहिलीसारख्या भांड्यात आटवतात. ढवळायला मोटरवरचा दांडा असतो, पण उतरवायची वेळ ठरवायला माणूसच लागतो. तिथे एक मध्यमवयीन बाई नुसती उभी होती. दांडा फिरत होता, पाकाचा रंग पांढऱ्याचा पिवळसर, मग बदामी होत होता, बुडबुडे आधी बारीक आणि भराभर, मग मोठे आणि सावकाश फुटणारे. ती बुडबुड्यांकडे बघत होती. आमचे गुळवे असेच बघतात. मी फोन काढून सलग चित्रण केलं. मग पाक तेल लावलेल्या लाकडी साच्यात, त्याच्या पट्ट्या, पट्ट्यांचे तुकडे, आणि प्रत्येक तुकडा तांदळाच्या पारदर्शक कागदात. तो कागद सोलायचा नाही, जिभेवर विरघळतो. पाच पुडे घेतले.

संध्याकाळी जहाज सुटलं. डेकवर आम्ही चौघं होतो. कान जोचं जंगल अंधारात काळं दिसत होतं, पण आता वासावरूनच ते कुठल्या बाजूला आहे ते कळत होतं. जाऊबाईंनी उपवास सोडला तो चटणी आणि भातावर.

नंतर, चिखलीत

घरी आल्यावर पहिल्या रविवारी चिखलीला गेले. हंगाम संपत आला होता, गुऱ्हाळात शेवटची आधणं चालली होती. दादाला गोळ्या दिल्या. त्यानं कागद सोलायला घेतला, मी हात धरला. तोंडात टाकून तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “गोळी बघत्यात का पाण्यात टाकून?” मला आठवेना. मी फोन पुढे केला. धुराने डोळे चोळत, गुळव्याला शेजारी बोलावून, दोघांनी ते चित्रण बघितलं. दांडा फिरत होता, पाक बदामी होत होता. ती बाई नुसती उभी होती.

“आता उतरायला पायजे,” गुळवा म्हणाला.

पडद्यावर त्या बाईने हात वर केला आणि दोघांनी भांडं उचललं.